गुणल्यावर संख्या वाढतेच का?

मागच्या महिन्यात सहावीच्या वर्गात एका मुलीने अर्धा गुणिले पाव याचं उत्तर एक छेद आठ असं बरोबर लिहिलं आणि मग स्वतःच खोडलं. विचारलं तर म्हणाली, "टीचर, गुणल्यावर वाढायला पाहिजे ना? हे तर कमी झालं."

हे तिला कुणी शिकवलं? मीच, ती तिसरीत असताना. "गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली बेरीज" हे वाक्य मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहीत आले. उर्दूत जरब म्हणा की मराठीत गुणाकार, वाक्य तेच. ते खोटं नाही. ३ गुणिले ४ म्हणजे चार तीन वेळा मिळवायचे. पण 'अर्धा वेळा' बेरीज कशी करणार?

म्हणून हल्ली मी मशिदीतल्या सफपासून सुरुवात करते. ७ सफ आहेत, प्रत्येकीत ८ नमाजी. सात आठे आठवत नसेल तर पुढच्या ५ सफ आधी मोजा, ४० झाले. मागच्या दोनमध्ये १६. मिळून ५६. गुणाकाराचे तुकडे पाडायचे आणि त्यांची बेरीज करायची, बेरीज-गुणाकाराचं खरं नातं हे आहे. पुस्तकात याला वितरणाचा गुणधर्म म्हणतात आणि मुलं तो नुसता पाठ करतात.

हे नातं कळलं नाही की पुढे २३ गुणिले १४ अडतं. काही मुलं वीस दाहे २०० आणि तीन चोक १२ मिळवून २१२ लिहितात. २३ हात लांब आणि १४ हात रुंद सतरंजी काढून दाखवा. तिचे चार तुकडे पडतात: २००, ८०, ३० आणि १२. मुलाने मधले दोन सोडले होते. खरं उत्तर ३२२. दुसऱ्या ओळीत आधी शून्य का मांडतात, हेही इथेच उलगडतं. तिथे आपण १ ने नव्हे, १० ने गुणत असतो. घरी अम्मी-अब्बांनी "शून्य मांड म्हणजे मांड" म्हणण्याऐवजी एवढं दाखवलं तरी पुष्कळ झालं.

हीच सतरंजी अपूर्णांकातही कामी येते. त्या मुलीला मी एक कोरा कागद दिला. उभा दुमडून अर्धा केला, मग आडवा दोनदा दुमडून चौथा भाग. उघडल्यावर आठ चौकोन दिसले. अर्ध्याचा पाव म्हणजे त्यातला एक. 'गुणिले'च्या जागी 'चा' वाचलं की कोडं सुटतं. घरात जकात काढतानाही आपण हेच करतो. ८०,००० रुपयांचा चाळीसावा भाग २,००० रुपये. हाही गुणाकारच आहे, फक्त रक्कम लहान होते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असायची. त्यांना कमी होणाऱ्या गुणाकाराचं नवल वाटलं नसतं.

मुलीने खोडलेलं उत्तर पुन्हा लिहिलं. थोडा वेळ कागद उलटसुलट करून म्हणाली, "मग टीचर, भागल्यावर कधी वाढतं का?"

मी म्हटलं, "एका भाकरीत पाव-पाव तुकडे किती निघतात, ते घरी मोजून ये."