वाळवंटातील आरसे आणि अणुभट्टी

कांजूरमार्ग स्थानकाच्या पूर्वेस ठाणे खाडीपर्यंत मिठागरांची जमीन पसरलेली आहे. पश्चिमेस दोन-तीन किलोमीटरवर पवईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था आहे, तर दक्षिणेस दहाबारा किलोमीटरवर ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. सूर्याच्या उष्णतेवर चालणारा सर्वांत जुना उद्योग, त्या उष्णतेचा शास्त्रीय अभ्यास आणि अणुगर्भातील ऊर्जेचा शोध अशी तीन स्थळे अशा रीतीने मुंबईच्या या एकाच उपनगरी पट्ट्यात आलेली आहेत. सूर्याच्या उष्णतेपासून वीज करावी की अणूपासून, हा प्रश्न सभासंमेलनांतून वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना या परिसराचा उपयोग होतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट आहे. घरांच्या छपरांवर दिसणाऱ्या निळसर पट्ट्या प्रकाशाचे थेट विजेत रूपांतर करतात. येथे ज्याचा विचार करावयाचा ते सौर-औष्णिक केंद्र निराळे. त्यात आरशांच्या साहाय्याने सूर्यकिरण एका नळीवर किंवा मनोऱ्यावर एकवटतात, त्या उष्णतेने वाफ तयार होते आणि वाफेवर टर्बाइन फिरते. अणुकेंद्रातही शेवटी हेच घडते. युरेनियमच्या विखंडनातून निघालेली उष्णता पाण्याची वाफ करते व पुढील सारी यंत्रसामग्री जवळजवळ तीच असते. म्हणजे वादाचा विषय आहे तो चुलीचा; चुलीवरचे भांडे दोघांचे सारखेच आहे.

ही कल्पनाही नवी नव्हे. मुंबईच्या उच्च न्यायालयातील एक अधिकारी विल्यम अ‍ॅडम्स यांनी सपाट आरशांनी बाष्पकावर ऊन एकवटून सुमारे अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र चालविले आणि १८७८ मध्ये उष्ण कटिबंधातील देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरण्याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी कोळसा स्वस्त होता. पुस्तक कपाटात राहिले.

दोन्ही उष्णतांमधील मूळ फरक घनतेचा आहे. एक किलोग्रॅम युरेनियम-२३५ चे संपूर्ण विखंडन झाल्यास सुमारे अडीच ते तीन हजार टन कोळशाइतकी उष्णता मिळते. उलट, ऐन दुपारी स्वच्छ आकाशातही एका चौरस मीटरवर जेमतेम एक किलोवॅट सूर्यशक्ती पडते. ती विनामूल्य आहे, पण पातळ आहे. पातळ वस्तू गोळा करावयाची म्हणजे मोठे भांडे हवे, आणि हे भांडे म्हणजे जमीन.

त्यातही आरशाची एक अट असते. आरशाला सरळ येणारे किरणच एका ठिकाणी आणता येतात. ढग, धूळ व बाष्प यांमुळे विखुरलेला प्रकाश त्याला एकवटता येत नाही. मिठागराचे तसे नाही. कांजूरच्या वाफ्यातील खारे पाणी थेट ऊन, विखुरलेला प्रकाश आणि वारा या तिघांच्या मदतीने आटते. त्याला फार तापमानाची गरज नाही. म्हणून कोकणात मीठ पिकते, पण आरशांचे वीजकेंद्र तेथे परवडत नाही. चार महिने पाऊस आणि उरलेल्या काळात खाडीवरचे दमट, धूसर आकाश अशा ठिकाणी आरसे बहुतांशी शोभेचेच ठरतील. याच कारणाने सौर-औष्णिक केंद्रांचा विचार निघाला की वाळवंटाचे नाव पुढे येते.

अमेरिकेतील मोहावे वाळवंटात १९८४ ते १९९० या काळात नऊ केंद्रे मिळून ३५४ मेगावॅट क्षमता उभी राहिली आणि ही वीज व्यापारी प्रमाणावर होऊ शकते हे सिद्ध झाले. भारतात राष्ट्रीय सौर अभियानास जानेवारी २०१० मध्ये प्रारंभ झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस सात सौर-औष्णिक प्रकल्प, एकूण ४७० मेगावॅटचे, मंजूर झाले. त्यांतील अगदी थोडे पूर्णत्वास गेले. राजस्थानातील नोख येथील ५० मेगावॅटचे केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले. धुरसर येथील मोठे केंद्र त्यानंतरच्या वर्षी उभे राहिले. ही दोन्ही गावे पोखरणच्या परिसरातील. १९७४ व १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे ज्याचे नाव जगभर गेले, त्याच भागात आज आरशांच्या रांगा उभ्या आहेत.

उरलेले प्रकल्प का रखडले, हे पाहणे उद्बोधक आहे. वाळवंटात ऊन भरपूर, ही समजूत सर्वसाधारणपणे खरी असली तरी आरशाला उपयोगी पडणारे सरळ ऊन किती, याची जमिनीवर दीर्घकाळ घेतलेली मोजमापे त्या वेळी उपलब्ध नव्हती. उपग्रहांवरून केलेल्या अंदाजांवर भिस्त ठेवण्यात आली. देशभर सौरप्रारण मोजणारी ५१ केंद्रे बसविण्यात आली ती २०११ मध्ये, म्हणजे प्रकल्पांचे वाटप झाल्यानंतर. हवेत तरंगणारी बारीक धूळ सरळ किरणांचा मोठा हिस्सा खाते हे मग कळून आले. पेरणीनंतर जमिनीची परीक्षा करण्यासारखाच हा प्रकार झाला.

दुसरे कारण पाणी. वाफ पुन्हा थंड करून पाणी करावी लागते, आणि हे शीतकरण दोन्ही प्रकारच्या केंद्रांना चुकत नाही. तारापूरला समुद्र आहे. राजस्थानातील रावतभाट्याला चंबळेवरील राणाप्रताप सागर आहे. थरच्या वाळवंटात मात्र कालव्याचे दुरून आणलेले पाणी, तेही पिण्यास व शेतीस मागणी असलेले. हवेने थंड करण्याची सोय करता येते, परंतु त्यामुळे खर्च वाढतो व ऐन उन्हाळ्यात कार्यक्षमता घटते. शिवाय आरशांवरील धूळ धुण्यास पाणी लागतेच.

जमिनीचा हिशेब ढोबळमानाने करून पाहता येईल. ५० मेगावॅटचे सौर-औष्णिक केंद्र, उष्णतेचा साठा नसल्यास, वर्षाच्या एकंदर तासांपैकी चौथाई काळ पूर्ण क्षमतेने चालले असे धरू. वर्षाला सुमारे ११ कोटी युनिट वीज मिळेल. ७०० मेगावॅटची एक अणुभट्टी ८० टक्के काळ चालल्यास सुमारे ४९० कोटी युनिट देईल. म्हणजे एका अणुभट्टीच्या बरोबरीला अशी पंचेचाळीस केंद्रे लागतील. प्रत्येक मेगावॅटला अडीच हेक्टर धरल्यास ही जमीन ५६ चौरस किलोमीटरच्या आसपास जाते; बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या निम्म्याहून थोडी अधिक.

यावरून अणुकेंद्राला जमिनीचा प्रश्न नाही असे मात्र समजू नये. जुन्या नियमाप्रमाणे भट्टीभोवती १.६ किलोमीटर त्रिज्येचा पट्टा वस्तीरहित ठेवावा लागे. पूर्ण वर्तुळाचा विचार केला तर तेच आठ चौरस किलोमीटर होतात. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. त्या भट्ट्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या, २००५-०६ मध्ये वीज देऊ लागल्या. विस्थापितांचे गाऱ्हाणे त्यानंतरही संपले नाही. जैतापूरला ९३८ हेक्टरवर ९,९०० मेगावॅटची योजना आखली गेली, पण मच्छीमार व बागायतदारांच्या विरोधाने ती गाजली. २०११ च्या मार्चमध्ये जपानमधील फुकुशिमाची दुर्घटना घडल्यावर त्या विरोधाला नवी धार आली. वापरलेल्या इंधनाची हजारो वर्षे राखण करण्याची जबाबदारीही अणुशक्तीच्याच खात्यावर मांडावी लागते. आरशांच्या केंद्रात तापलेल्या तेलाला आग लागण्याचा धोका असतो, पण तो कुंपणाच्या आत राहतो.

तसे पाहिले तर वाळवंटही ओसाड नसते. पश्चिम राजस्थानात देवाच्या नावाने राखलेली 'ओरण' नावाची सामाईक कुरणे आहेत. आपल्याकडील गायरान आणि देवराई यांचे ते एकत्रित रूप म्हणता येईल. सरकारी दप्तरात अशी जमीन पुष्कळदा पडीक म्हणून लिहिलेली असते आणि प्रकल्पाची आखणी दप्तर पाहून होते. कांजूरमार्गच्या मिठागराच्या जमिनीवर मेट्रोचे आगार करण्याचा प्रश्न २०२० मध्ये केंद्र, राज्य व न्यायालय यांच्यापर्यंत गेला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. नकाशावर रिकामी दिसणारी जमीन सहसा कोणाची तरी असते.

सौर-औष्णिक पद्धतीचा खरा गुण सूर्यास्तानंतर दिसतो. सोडियम नायट्रेट व पोटॅशियम नायट्रेट यांचे वितळलेले मिश्रण मोठ्या टाक्यांत तापवून ठेवले की रात्रीही त्यावर वाफ करता येते. हेही एक प्रकारचे मीठच, मात्र खाडीचे नव्हे, खतांच्या कुळातले. स्पेनमधील हेमासोलार या २० मेगावॅटच्या केंद्रात २०११ पासून पंधरा तासांच्या साठ्याची व्यवस्था आहे. अशा साठ्याने ही वीज अणुविजेच्या जवळ येते. दिवेलागणीच्या वेळी, जेव्हा मागणी मोठी असते, तेव्हा ती हाताशी असते. नोखच्या केंद्रात ही सोय नव्हती, आणि तिथेच तुलनेचे पारडे फिरले.

कारण तोपर्यंत तिसराच स्पर्धक पुढे आला होता. २०१० मध्ये सौर-औष्णिक विजेचे देकार युनिटला साधारण साडेदहा ते सव्वाबारा रुपयांचे होते व प्रकाशविद्युत पट्ट्यांची वीजही त्याच पातळीवर होती. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथे पट्ट्यांच्या विजेचा देकार २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. आरशांना इतकी उतरंड शक्य झाली नाही. पट्ट्यांना विखुरलेला प्रकाशही चालतो, शीतकरणाचे पाणी लागत नाही, आणि त्या चार एकरांवरही बसविता येतात.

या सगळ्या वादात पवईच्या एका प्राध्यापकाचे उदाहरण विशेष बोलके आहे. डॉ. सुहास सुखात्मे यांचे सौरऊर्जेवरील पाठ्यपुस्तक १९८४ मध्ये निघाले आणि अभियांत्रिकीच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. १९९५ ते २००० ते संस्थेचे संचालक होते. त्यानंतर २००५ पर्यंत ते अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. दोन्ही बाजू आतून पाहिलेल्या या शास्त्रज्ञाने २०११ मध्ये एक हिशेब मांडला. लोकसंख्या १७० कोटींवर स्थिरावेल व दरडोई वर्षाला २,००० युनिट लागतील असे धरून त्यांनी गरज ३,४०० अब्ज युनिट काढली आणि नूतनीकरणक्षम साधनांतून तिचा एक-तृतीयांशाहून थोडाच अधिक भाग निघेल असे म्हटले. पुढच्याच वर्षी त्यांनी फेरअंदाज प्रसिद्ध केला. आपल्याच आकड्यांना पुन्हा तपासणीस बसविण्याची ही रीत अणुसमर्थक आणि सौरसमर्थक या दोन्ही गोटांत दुर्मीळ आहे. पवईच्याच संस्थेने २००९ मध्ये हाती घेतलेले हरियाणातील ग्वाल पहारी येथील एक मेगावॅटचे प्रायोगिक केंद्र याच वृत्तीचे. निरनिराळ्या प्रकारचे आरसे एकाच ठिकाणी लावून त्यांची परीक्षा करणे हा त्याचा हेतू.

महाराष्ट्राला थरसारखे आकाश नाही. तरीही सूर्याची उष्णता, वीज न करता उष्णता म्हणूनच वापरण्याचे चांगले प्रयोग येथे झाले. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ तबकड्या बसवून वाफेवर स्वयंपाक सुरू झाला. उष्णतेची वीज करताना निम्म्याहून अधिक वाया जाते. भात शिजविताना तो फेरा टळतो. विजेसाठी मात्र राज्याने पट्ट्यांची वाट धरली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात शेतकऱ्याच्या जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरविण्यात आले, आणि शासकीय व गावठाणाबाहेरील सामाईक जमिनींचाही विचार झाला. ग्रामसभेपुढे असा प्रस्ताव येईल तेव्हा त्या सर्व्हे नंबरावर आज कोणाची जनावरे चरतात, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. ते सभेतच विचारावे लागते.