कलौंजी, हळद आणि आतड्याचा कॅन्सर

आपल्या घरांत कलौंजी आणि हळद असतेच. त्यामुळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर याच इलाज आहेत, असा मेसेज आला की आपण लगेच पुढे पाठवतो. यात खरं किती?

कलौंजीतील थायमोक्विनोन आणि हळदीतील करक्युमिन यांनी प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखल्याचे दिसले आहे. पण बशीतल्या पेशी वेगळ्या, माणसाचे शरीर वेगळे. खाल्लेले करक्युमिन रक्तात फारच थोडे उतरते.

झाडापासून खरे औषध बनते, हेही तितकेच खरे. १९६६ मध्ये अमेरिकेत मोनरो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. ते फार विषारी निघाले. त्यात बदल करून, वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन तयार झालेले इरिनोटेकन आज याच कॅन्सरच्या केमोथेरपीत वापरतात, तेही मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: कलौंजी जेवणात जरूर घ्या. पण केमो सुरू असेल तर काढा किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध समजून घरी बसू नका, तपासून घ्या. दुआ करा, दवाही घ्या.