हायब्रिड मोटारीच्या बॅटरीचा जमाखर्च

व्यापारी कुटुंबात मोटार ही मिरवण्याची वस्तू कमी आणि राबण्याची वस्तू अधिक असते. सकाळी पेढी, दुपारी बँक, संध्याकाळी नातेवाइकांकडे आणि रविवारी गावाबाहेरच्या जमिनीवर असा तिचा आठवडा जातो. अशा घरांतून गेल्या काही वर्षांत पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणारी हायब्रिड मोटार दिसू लागली आहे. गाडी येते, पेढे वाटले जातात आणि थोड्याच दिवसांत घरात एक प्रश्न फिरू लागतो : पडद्यावरील बॅटरीचे चिन्ह कधीच पूर्ण का भरत नाही? एवढे पैसे मोजून घेतलेली बॅटरी सदा अर्धीमुर्धीच का?

या शंकेपोटी कोणी गाडी पुन्हा पुन्हा सेवा केंद्रात नेतो, कोणी उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून बॅटरी भरू पाहतो, तर कोणी सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून वीज वाचवल्याचे समाधान मानतो. पहिल्या उपायात वेळ जातो, दुसऱ्यात पेट्रोल जाते आणि तिसऱ्याने तर बॅटरीचेच नुकसान होण्याचा संभव असतो. म्हणून त्या चिन्हाचा अर्थ एकदा नीट समजून घेणे हिताचे आहे.

कोठार नव्हे, गल्ला

पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी हे कोठार असते. रात्री भरावे आणि दिवसभर पुरवून वापरावे. हायब्रिड गाडीची बॅटरी हा दुकानाचा गल्ला असतो. त्यात सकाळपासून पैसे येतात आणि जातात. गल्ल्यात किती रक्कम आहे यापेक्षा व्यवहार अडत नाही ना, हे तेथे महत्त्वाचे असते.

आकड्यांतून हा फरक स्पष्ट होतो. २०२२ साली भारतात आलेल्या मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर या जुळ्या गाड्यांच्या हायब्रिड प्रकारात सुमारे ०.७६ युनिट क्षमतेची लिथियम बॅटरी आहे. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातीलच युनिट. दोन किलोवॅटचा गीझर एवढी वीज तेवीस मिनिटांत संपवतो. होंडा सिटीच्या हायब्रिड प्रकारातील बॅटरीही साधारण याच मापाची आहे, तर टोयोटा इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड जातीची, याच्या दुपटीहून थोडी मोठी बॅटरी आहे. याउलट २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन या पूर्ण विजेवरील गाडीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती, म्हणजे ०.७६ युनिटाच्या जवळजवळ चाळीसपट.

एवढ्या लहान बॅटरीवर गाडी सलग काही थोडेच किलोमीटर जाऊ शकते. तिचे काम अंतर कापण्याचे नाहीच. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती टिपून घ्यावी आणि गाडी हलवताना, चढावर किंवा संथ वाहतुकीत ती परत द्यावी, एवढेच तिचे काम. अशा गाडीला घरी तार जोडून चार्ज करण्याची सोयही नसते. बाहेरून तार जोडता येणारा प्लग-इन हायब्रिड हा निराळा प्रकार आहे.

अर्धी का ठेवतात?

गाडीतील संगणक ही बॅटरी जाणूनबुजून मधल्या पातळीवर राखतो. हायब्रिड मोटारींचा मार्ग ज्या टोयोटा प्रियसने १९९७ साली जपानमध्ये खुला केला, तिच्यात साधारण चाळीस ते ऐंशी टक्के या मर्यादेतच बॅटरी वापरली जाई आणि साठच्या आसपास ती स्थिर ठेवण्याचा संगणकाचा प्रयत्न असे. कंपनीनुसार आणि बॅटरीच्या जातीनुसार हे आकडे बदलतात, पण तत्त्व तेच राहते. पडद्यावरील चिन्ह या वापराच्या मर्यादेचे असते. म्हणून शेवटची पट्टी उरली तरी बॅटरी खरोखर रिकामी नसते आणि सर्व पट्ट्या उजळल्या तरी ती काठोकाठ भरलेली नसते.

यामागे दोन कारणे आहेत. पहिले आयुष्याचे. बॅटरी पूर्ण रिकामी करणे आणि पूर्ण भरून ठेवणे या दोन्हींनी ती लवकर थकते. मधल्या पट्ट्यातील लहान लहान चढउतार ती वर्षानुवर्षे सोसते. दुसरे कारण जागेचे. बॅटरी आधीच भरलेली असेल, तर पुढच्या उतारावर मिळणारी फुकटची वीज ठेवायची कोठे? पुराचे पाणी सामावून घेण्यासाठी धरणात मोकळी जागा राखतात, त्यातलाच हा प्रकार.

कोळवणच्या वाटेवर

पुण्याहून मुळशी तालुक्यातील कोळवणला जाणारा रस्ता हे सर्व समजण्यास उत्तम आहे, कारण शहरातील गर्दी, चढ, उतार आणि सपाटी असे सर्व काही त्यावर एकामागून एक येते. चिन्मय विभूती या आश्रमामुळे आणि पलीकडील हाडशीच्या विठ्ठल मंदिरामुळे ही वाट अनेकांच्या ओळखीची आहे.

कोथरूडच्या गर्दीत गाडी बराच काळ विजेवर सरकते. वातानुकूलन चालू असते आणि पट्ट्या एकेक करून कमी होतात. पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली, की उभ्या गाडीतही इंजिन आपणहून सुरू होते, थोडी वीज भरते आणि पुन्हा बंद पडते. हा बिघाड नव्हे. चांदणी चौकाकडे चढताना इंजिन आणि मोटर दोन्ही राबतात, म्हणून तेथे पातळी आणखी उतरलेली दिसणे स्वाभाविक आहे.

भूगाव, भुकूम मागे टाकून पिरंगुटच्या घाटातून गाडी खाली उतरू लागते, तेव्हा हिशेब उलटतो. चाके मोटरला फिरवतात, मोटर जनित्र बनते आणि पट्ट्या वाढू लागतात. एकच यंत्र दोन्ही कामे करते याचे नवल वाटायला नको. याच तालुक्यातील मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरून वीज देते, आणि वीज जादा असेल तेव्हा ते पाणी पुन्हा वर चढवण्याची सोयही तेथे आहे. मोटारीत तेच लहान प्रमाणात घडते.

पौडला मुख्य रस्ता सोडून कोळवण खोऱ्यातील भातखाचरांमधून गाडी संथ चालू लागली, की घाटात जमा झालेली वीज खर्ची पडते. कोळवणला पोहोचेपर्यंत पातळी पुन्हा मध्यावर आली असेल, तर गाडीने आपले काम चोख केले असे समजावे.

मोठ्या घाटातील आवाज

पौडहून कोळवणकडे न वळता सरळ गेले, तर रस्ता मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे जातो. तेथे निराळाच अनुभव येतो आणि तो आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो.

साधे गणित पाहा. माणसांसह १,६०० किलो वजनाची गाडी १०० मीटर खाली उतरली, तर कागदावर सुमारे ०.४४ युनिट ऊर्जा मोकळी होते. रस्त्याचे घर्षण, हवेचा विरोध आणि रूपांतरातील तूट वजा जाता त्यातील काही भागच बॅटरीत जमा होतो. पण उतार ५०० मीटरचा असेल, तर कागदावरील आकडा २.१८ युनिट होतो, म्हणजे ०.७६ युनिटाच्या बॅटरीच्या जवळजवळ तिप्पट. साहजिकच घाट संपण्यापूर्वीच बॅटरी वरच्या मर्यादेला टेकते. आता वीज घ्यायला जागा नसते, म्हणून मोटरद्वारे लागणारा ब्रेक सैल पडतो. वेग आवरण्यासाठी संगणक पेट्रोल न देता इंजिन फिरवू लागतो आणि इंजिनाचा आवाज एकाएकी वाढतो. पट्ट्या सर्व भरलेल्या आणि इंजिन मात्र गरजते आहे, हे दृश्य विचित्र वाटले तरी गाडी त्या वेळी सुरक्षितपणेच वागत असते.

चालकाने येथे एवढेच करावे : वेग आधीपासून बेताचा ठेवावा, गाडीत ‘बी’ अशी स्थिती दिलेली असेल तर लांब उतारावर ती वापरावी आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये मुळीच टाकू नये.

चार सवयी

न्यूट्रलचा मोह सपाटीवरही टाळावा. अनेक हायब्रिड गाड्यांत न्यूट्रल स्थितीत इंजिन चालू असले तरी मोठी बॅटरी चार्ज होत नाही. लांब रांगेत वातानुकूलन चालू ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये उभी राहिली, तर पातळी धोक्याच्या खाली जाऊ शकते. थांबताना गाडी ‘डी’मध्ये ठेवून ब्रेक दाबावा किंवा ‘पी’मध्ये टाकावी.

पेट्रोलची टाकी रिती होऊ देऊ नये. पेट्रोल नसेल तर बॅटरी भरणारे इंजिनच उरत नाही आणि मोठी बॅटरी पार रिकामी झाली, तर गाडी सेवा केंद्राच्या मदतीशिवाय हलत नाही.

काही गाड्यांत मागच्या आसनाजवळ बारीक जाळी दिसते. बॅटरी थंड ठेवणारी हवा तेथून आत जाते. मालाची खोकी, पिशव्या किंवा आसनाचे आवरण यांनी ती झाकू नये आणि तिच्यावर धूळ साचू देऊ नये. उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे.

चौथी सवय गाडी उभी राहते तेव्हाची. चातुर्मासात अनेक कुटुंबे लांबचा प्रवास टाळतात, कोणी परदेशी मुलांकडे दोन-तीन महिने जातात. अशा वेळी प्रथम दगा देते ती मोठी बॅटरी नव्हे, तर १२ व्होल्टची नेहमीची लहान बॅटरी. ती उतरली तर मोठीत वीज असूनही गाडी जागी होत नाही. गाडी अधूनमधून अर्धा तास चालवून आणण्याचे काम घरातील कोणावर तरी सोपवावे. केवळ दिवे लावून किंवा संगीत ऐकून बॅटरी भरत नाही, उलट उतरते. चालक-पडद्यावर गाडी ‘रेडी’ असल्याची खूण आली पाहिजे.

जुनी गाडी घेताना

वापरलेली हायब्रिड गाडी घेताना भरलेल्या पट्ट्या पाहून भुलू नये. नुकताच एखादा उतार उतरून आलेली थकलेली बॅटरीही भरलेली दिसते. खरी पारख चालवताना होते. साध्या सपाट रस्त्यावर पट्ट्या काही मिनिटांत वरून तळाला आणि तळावरून वर धावत असतील, किंवा इंजिन वारंवार सुरू होत असेल, तर बॅटरीची साठवण घटली असल्याची शंका घ्यावी. अधिकृत सेवा केंद्रातून तपासणीचा लेखी अहवाल मागावा. टोयोटाने भारतातील हायरायडर व हायक्रॉसच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतील जे आधी होईल तोवर हमी दिली आहे. हमीची किती मुदत उरली आहे आणि ती नव्या मालकाच्या नावे चालू राहते का, हे सौद्यापूर्वीच कागदावर पाहून घ्यावे.

सारा माल गोदामात अडकवून ठेवणारा व्यापारी आणि गोदाम रिकामे ठेवणारा व्यापारी, दोघांचाही धंदा अडतो. थोडे हाती, थोडे फिरते आणि येणाऱ्या संधीसाठी थोडी जागा, हा शहाणपणा पेढीवर बसणाऱ्यांना नव्याने शिकवावा लागत नाही. हायब्रिड गाडीचा संगणक तोच हिशेब प्रत्येक क्षणी मांडत असतो. पडद्यावर अर्धी बॅटरी दिसली, तर तो हिशेब बरोबर चालला आहे असे समजून निश्चिंतपणे पुढे जावे.