एका चाकावर पृथ्वीप्रदक्षिणा, मुलांच्या दप्तरासाठी

एकचाकी सायकल म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना सर्कस आठवते. बँड वाजतो, रंगीत कपड्यांतला कलाकार एका चाकावर बसून रिंगणात चार फेऱ्या मारतो, मुले टाळ्या पिटतात आणि खेळ संपतो. पण अशाच एकचाकीवर बसून इंग्लंडमधील एका तरुणाने सुमारे २१ हजार मैल, म्हणजे जवळजवळ ३४ हजार किलोमीटर अंतर कापले. त्याचे नाव एड प्रॅट. समरसेट परगण्यातील करी रिव्हेल या खेड्यातून तो मार्च २०१५ मध्ये निघाला आणि जुलै २०१८ मध्ये परत आला. निघाला तेव्हा १९ वर्षांचा होता, परतला तेव्हा २२ वर्षांचा. एकचाकीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस ठरला. आणि हे सारे कशासाठी? तर गरिबांच्या मुलांना शाळेचे दप्तर मिळावे म्हणून!

वाचक बंधू-भगिनींनो, ही बातमी वाचून कोणीही कष्टकरी माणूस विचारेल की, मुलांना दप्तरे द्यायची तर सरळ पैसे गोळा करून द्यावीत, त्यासाठी एका चाकावर जगभर हिंडायचे कारण काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी त्या देशातील एक प्रथा समजून घेतली पाहिजे.

श्रमावर मागितलेली वर्गणी

आपल्याकडे पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ते दारोदार फिरतात. इंग्लंडमध्ये चांगल्या कामासाठी वर्गणी मागणारा माणूस पुष्कळदा आधी स्वतः काही कष्ट अंगावर घेतो. कोणी लांबवर चालतो, कोणी धावतो, कोणी सायकल चालवतो. मग तो शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, कामावरच्या सोबत्यांना सांगतो, "मी एवढे मैल जाणार आहे. तुम्ही मैलामागे काय द्याल?" कोणी मैलामागे थोडी चिल्लर कबूल करतो, कोणी एकरकमी पाच-दहा पौंड लिहितो. पैसे त्या माणसाच्या खिशात जात नाहीत, संस्थेकडे जातात.

अशा सायकलफेऱ्यांतील फार प्रसिद्ध फेरी म्हणजे लंडन ते ब्रायटन. १९७६ मध्ये मोजक्या सायकलस्वारांनी ती सुरू केली आणि १९८० पासून ब्रिटिश हार्ट फाउंडेशन ही संस्था ती भरवीत आली आहे. अंतर ५४ मैल, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटर. रस्त्याने मुंबईहून लोणावळ्याला जायचे तर साधारण एवढेच पडेल. लंडनच्या क्लॅपहॅम कॉमन या मैदानातून निघायचे आणि ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर पोहोचायचे. हजारो माणसे त्यात उतरतात. ते सारे शर्यतीचे खेळाडू नसतात. कारकून असतात, परिचारिका असतात, शिक्षक असतात, गवंडीही असतात. या फेरीतून आजवर हृदयरोगाच्या संशोधनासाठी कित्येक कोटी पौंड उभे राहिले.

सरकारही त्यात भर घालते. तिथे १९९० पासून एक योजना आहे. कर भरणाऱ्या नागरिकाने धर्मादाय संस्थेला १ पौंड दिला की, त्याने भरलेल्या करातून आणखी २५ पेन्स संस्थेला सरकारकडून मागून घेता येतात. म्हणजे देणाऱ्याच्या खिशाला जादा तोशीस न लागता दान सव्वापट होते.

अशा फेऱ्यांच्या गर्दीत कधी कधी एखादा एकचाकी स्वारही दिसतो. बाकीचे दोन चाकांवर दमत असताना हा एका चाकावर तेच अंतर कापायला निघालेला असतो.

एका चाकाचा हिशेब

एकचाकीची रचना अगदी साधी असते. एक चाक, त्यावर चिमटा, चिमट्यावर सीट आणि चाकाच्या आसालाच थेट जोडलेली दोन पायडले. चेन नाही, हँडल नाही, फ्रीव्हील तर नाहीच नाही. आपल्या नेहमीच्या सायकलीवर उतार लागला की पाय थांबवून नुसते बसता येते, कारण फ्रीव्हील चाकाला मोकळे फिरू देते. एकचाकीवर ही सोय नाही. चाक फिरते आहे तोवर पाय फिरलेच पाहिजेत आणि पाय थांबले की चाक थांबते. चढावर कष्ट आहेतच, पण उतारही फुकट मिळत नाही. तिथे पायांनी उलटा दाब देऊन चाक आवरावे लागते आणि तो सारा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून लांबच्या प्रवासाच्या एकचाकींना आता पुष्कळदा ब्रेकही बसवतात.

लहान चाकावर लांबचा पल्ला गाठणे कठीण. सर्कशीतल्या वीस इंची चाकाची एक फेरी झाली की जेमतेम एक मीटर साठ सेंटिमीटर अंतर कापले जाते. त्यामुळे लांब जाणारे स्वार छत्तीस इंची मोठे चाक घेतात. त्याची एक फेरी म्हणजे सुमारे दोन मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटर. मुलांनो, आता वही-पेन्सिल घ्या आणि गणित करून पाहा. लंडन ते ब्रायटन ८७ किलोमीटर जायचे तर या मोठ्या चाकाला सुमारे तीस हजार फेरे घ्यावे लागतात. लहान चाक असेल तर चोपन्न हजारांच्या वर. आपली काळी सायकल एका पायडलात पाच मीटरांहून अधिक पुढे जाते, हे लक्षात घेतले म्हणजे एकचाकीचे कष्ट कळतात.

बसण्याचा त्रासही मोठा आहे. सायकलीवर आपण अंगाचा काही भार हँडलवर टाकतो. एकचाकीवर जवळजवळ सारा भार सीटवर असतो. तासाभरात बूड दुखू लागते, मांड्या घासतात. म्हणून लांबचे स्वार आत गादी शिवलेली चड्डी घालतात, सीटच्या पुढे धरायला मूठ बसवतात आणि अधूनमधून खाली उतरून पाय मोकळे करतात.

त्यातून गर्दी असली म्हणजे परीक्षाच. लंडन-ब्रायटन फेरीत शेवटच्या टप्प्यात डिचलिंग बीकन नावाची टेकडी लागते. तिचा माथा समुद्रसपाटीपासून २४८ मीटर उंच. सुमारे दीड किलोमीटरचा उभा चढ. तिथे दोन चाकांवरचे स्वारसुद्धा उतरून सायकल ढकलू लागतात. पुढचा थांबला की एकचाकीवाल्याला उतरावेच लागते, आणि मग भिंतीचा किंवा कठड्याचा आधार नसताना चढावरच पुन्हा उडी मारून बसावे लागते. पडणारे पडतात. बहुतेक वेळा चाक मागे निसटते आणि माणूस पुढे पायांवर उतरतो, म्हणून इजा कमी होते. पण घाम पुसून पुन्हा बसण्याचे काम दरवेळी करावे लागतेच.

सरावाने माणूस कुठवर जातो पाहा! २००७ मध्ये सॅम वेकलिंग या तरुणाने वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे २४ तासांत ४५३.६ किलोमीटर एकचाकी चालवून विक्रम केला.

तीन वर्षे चार महिने

एड प्रॅटचा प्रवास हा अशाच धर्मादाय फेरीचा फार लांबवलेला प्रकार होता. मागून येणारी मोटार नव्हती, मदतनीसांचा ताफा नव्हता. छत्तीस इंची चाकाच्या पुढेमागे खास बनवून घेतलेल्या सांगाड्यावर त्याने सामानाच्या पिशव्या बांधल्या आणि एकटाच निघाला. युरोप, तुर्कस्तान, मध्य आशिया, चीन, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका असे देश आणि खंड त्याने पार केले. समुद्र आडवा आला तिथे दुसरे वाहन घेतले. किरगिझस्तानात हिवाळा एवढा कडक की, त्याला बर्फ वितळेपर्यंत तिथेच मुक्काम करावा लागला. वाटेत त्याने आपला प्रवास कॅमेऱ्यात टिपला आणि नंतर तो यूट्यूबवर मालिकेच्या रूपाने दाखवला.

छत्तीस इंची चाकाचा हिशेब लावला तर एवढ्या अंतरासाठी एक कोटीहून अधिक पायडले मारावी लागतात. एक कोटी! पण रोज सकाळी त्याच्यापुढे कोटीचा आकडा नव्हता. त्या दिवशी जेवढे जमेल तेवढेच अंतर होते.

हातात आलेले दप्तर

या प्रवासातून तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. त्या वेळच्या दराने अडीच कोटी रुपयांहून जास्त. ही रक्कम समरसेटमधीलच 'स्कूल इन अ बॅग' या संस्थेसाठी होती. या संस्थेची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत थायलंडमध्ये एका कुटुंबाचा तरुण मुलगा गेला. घरच्यांनी दुःख उराशी धरून न बसता त्याच्या नावाने निधी उभारला आणि त्या कामातूनच पुढे ही दप्तर-योजना सुरू झाली. गरीब, अनाथ आणि आपत्तीत सापडलेल्या मुलांना वह्या, पेन्सिली आणि शाळेचे इतर साहित्य भरलेले दप्तर द्यायचे, एवढे साधे तिचे काम.

दप्तराचे मोल आपल्याला कोणी सांगायला नको. पिशवीत पाटी कोंबून शाळेत गेलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत. थोरल्याची जुनी पुस्तके धाकट्याने आणि धाकट्याची त्याच्या पाठच्या बहिणीने वापरली, हे आपण पाहिले आहे. वही नाही म्हणून वर्गात उभे राहावे लागलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेला जायला कचरते. अशा मुलाच्या पाठीवर स्वतःचे नवे दप्तर आले म्हणजे त्याला आधार वाटतो की, आपणही या वर्गातले आहोत.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. एकच चाक कशाला? याचे पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. दोन चाकांवरचा माणूस रस्त्याने गेला तर कोणी मान वर करून पाहत नाही. एका चाकावरचा दिसला की माणसे थांबतात आणि विचारतात, "का रे बाबा, कुठे निघालास?" त्या एका प्रश्नाच्या उत्तरात दप्तराची गोष्ट सांगता येते. दुसरे उत्तर स्वाभिमानाचे आहे. नुसता हात पुढे करून मागणे वेगळे आणि आधी स्वतः घाम गाळून मग "आता तुम्हीही थोडे द्या" असे म्हणणे वेगळे. अशा मागण्यात मागणारा लहान होत नाही आणि देणाराही उपकार केल्याचा तोरा मिरवत नाही.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. एक चाक हे लोकांचे लक्ष वेधण्यापुरते. पुढचे काम हिशेबाचे. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत धर्मादाय संस्थांवर चॅरिटी कमिशन या सरकारी खात्याची देखरेख असते. दरवर्षी जमा-खर्च कळवावा लागतो आणि नागरिकाला संस्थेची माहिती पाहता येते. हिशेब चोख नसेल तर कोटभर पायडलेही वाया जातील. देणाऱ्याचा विश्वास एकदा उडाला की तो पुन्हा बसत नाही.

घरातल्या मुलांसाठी दोन शब्द

एकचाकी ही फक्त सर्कशीतल्या माणसांची मिरास नाही. जपानमध्ये अनेक प्राथमिक शाळांच्या मैदानावर एकचाकी सायकली ठेवलेल्या असतात, आणि त्या चालवण्यात मुली आघाडीवर असतात. शिकण्याची रीत सगळीकडे सारखीच. भिंत किंवा कठडा धरायचा, भार पायडलांवर न टाकता सीटवर टाकायचा, नजर चाकाकडे न ठेवता समोर लांब ठेवायची आणि थोडे पुढे झुकून पायडल मारायचे. पुष्कळांना आधार सोडून चार-पाच फेरे घ्यायलाच काही तासांचा सराव लागतो. तोवर शंभरदा उतरावे लागते. जो खाली पाहतो तो पडतो, आणि भीतीने पाय थांबवतो तोही पडतो.

आपल्या मुलाला एकचाकी मिळेलच असे नाही आणि तिची गरजही नाही. या गोष्टीतून घ्यायचे ते वेगळेच. आपल्या वस्तीत, चाळीत, कामाच्या ठिकाणी एखादे मूल वह्या-पुस्तकांवाचून अडले असेल तर एकट्याच्या पगारात ते भागणार नाही. पण दहा घरांनी थोडे थोडे दिले, कोणी एका रविवारची मेहनत दिली, कोणी हिशेबाची वही नीट ठेवली, तर जूनमध्ये शाळा उघडताना त्या मुलाच्या पाठीवर दप्तर असेल. तेव्हा यंदा मे महिन्यातच आपापल्या वस्तीतील अशा मुलांची यादी करा, आणि जमलेल्या प्रत्येक रुपयाची पावती फाडायला विसरू नका.