पाण्याचा पारा (७) : आश्विनातला थंड तळ

थंड देशांतल्या तलावांची शरदातली उलथापालथ आज या सदरात यायची होती. ती आठवडाभर थांबेल. मालवणहून आलेला एक प्रश्न आधी घ्यायला हवा. ट्राउट थंड पाणी शोधतो, कारण त्यात प्राणवायू जास्त, हे इथे आधी वाचून तिथल्या एका वाचकाने विचारले आहे, "मग ऑक्टोबरच्या उकाड्यात आमचा बांगडा खोल गारव्याला न जाता रापणीच्या टप्प्यात कसा येतो?"

प्रश्न नेमका आहे. कोकणच्या समुद्रात या दिवसांत गारव्याचा अर्थच उलटा होतो.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि अरबी समुद्रातले खोल, थंड पाणी तळावरून किनाऱ्याकडे चढत येते. या पाण्याची बराच काळ हवेशी गाठ पडलेली नसते. वरून पडणारे मृत जीव कुजताना त्यातला प्राणवायू बराचसा खर्च झालेला असतो. त्यावर पावसाचे आणि नद्यांचे गोडे, हलके पाणी पसरते. झाकण बसते. मग खाली उरलासुरला प्राणवायूही संपत जातो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षे मोजमापे घेतली आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे वरचा कोमट थर काही मीटरांचाच असतो. खालचे पाणी कित्येक अंशांनी थंड आणि तळाशी प्राणवायू जवळजवळ शून्य. कधी कधी तर तिथे हायड्रोजन सल्फाइडही सापडतो. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो हे खरे, पण मावतो म्हणून तो असतोच असे नाही.

मुंबईसमोर हा प्राणवायूहीन थर किनाऱ्याकडे चढतो, हे कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लाएवास्तू यांनी १९५९ मध्येच 'नेचर'मध्ये मांडले होते. त्याच सुमारास कार्ल बान्से यांना कोचीसमोर दिसले की असे पाणी तळावर आले की ट्रॉलच्या जाळ्यातली मासळी रोडावते.

बांगडा आणि तारली मात्र वरच्या पाण्यातली. खालून चढलेल्या क्षारांवर प्लवक पोसतात, त्यामुळे वरच्या पातळ थरात त्यांना खाद्य भरपूर. थवे किनाऱ्याकडे येण्यात या खाद्याचा वाटा मोठा आहे. पण खाली जायला जागाच उरलेली नाही, हेही विसरता येत नाही.

हैदराबादच्या इन्कॉइसकडून मिळणारी संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून तयार होते. ती फार उपयोगी आहे, मात्र उपग्रहाला तापमान दिसते ते वरच्या कातडीचे. म्हणून या महिन्यात तांडेलाने खालचे पाणी स्वतः मोजावे. बाटलीला शिसे बांधायचे, बुचाला वेगळी दोरी लावायची, हव्या त्या वावेवर झटका देऊन बूच काढायचे आणि भरलेली बाटली भराभर ओढून तिच्यात तापमापक बुडवायचा. ज्या वावेवर पारा एकदम घसरतो, तिच्याखाली ऑक्टोबरात जाळे सोडून फारसे काही हाती लागत नाही.

नोव्हेंबरात किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडे वळतो, कोमट थर जाड होत जातो आणि थंड पाणी पुन्हा खोल समुद्राकडे सरकते. तळाला प्राणवायू पोचतो. कोळंबीसाठी तळ धुंडाळायचे दिवस तिथून पुढचे.