ओट्यांचे शहर

17 डिसेंबर 2023 रोजी खजोद येथे सुरत डायमंड बुर्सचे उद्घाटन झाले. तेव्हापासून, भररस्त्यात उभ्याउभ्या कागदाच्या पुड्या उलगडून व्यवहार करणारा महिधरपुऱ्याचा हिरेबाजार त्या नऊ मनोऱ्यांत हलविण्याचा खटाटोप चालू आहे. आणि तो अद्यापि पुरता साधला नाही, याचा मला, मुलापाठोपाठ सुरतेच्या वेसू या नव्या वस्तीत येऊन पडलेल्या म्हाताऱ्याला, उघड आनंद होतो.

शिवाजी महाराजांच्या स्वारीनंतर पक्का झालेला कोट, आलमपनाह नावाचा बाहेरचा तट, फिरंग्यांच्या वखारी यांचे गोडवे इतरांनी पुष्कळ गायिले आहेत. माझे सुरत म्हणजे 1994च्या सप्टेंबरातील प्लेगनंतरचे दशक. लाखो लोक शहर सोडून पळाले होते. पुढल्या वर्षी महापालिका आयुक्त एस. आर. राव आले, त्यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून उठवून गल्लोगल्ली फिरविले, आणि अतिक्रमणे पाडताना लहानथोर पाहिले नाही. त्या अंमलाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर रस्तारुंदीचे वेड लागलेल्यांविषयी. जुन्या शहरातील गोपीपुऱ्याच्या फळियात, म्हणजे गल्लीत, आमच्यासारख्या खानदेशी बिऱ्हाडालाही दोन हातांचा ओटा होता. त्यावर भाजी निवडणे, सोयरिकी जुळविणे, वाण्याचा तगादा चुकविणे आणि उन्हातून आलेल्या अनोळखी पांथस्थाने घटकाभर टेकणे हे सारे परवानगीवाचून चालत असल्यामुळे, शाळा, दवाखाना, देऊळ यांकडे जाताना आपण चालतो आहोत हे ध्यानातही येत नसे. ओटे निघाले की पादचाऱ्यास ऐसपैस जागा मिळेल, असे आमच्या भागातील एका पुढाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते. ओटे निघाले, त्या जागेवर दुचाक्यांनी वहिवाट सांगितली, आणि पादचारी गटाराच्या कडेचे कूळ होऊन राहिला.

पुढे 2006चा महापूर, 2014ची बीआरटीएस बससेवा, पुलांमागून पूल, असो.

वेसू नगररचना योजनांतून घडले. शेतजमिनी एकत्र करून, रस्त्यांपुरता भाग कापून, उरलेले चौकोन मालकांस परत करण्याची ही रीत कागदावर निर्दोष आहे, आणि रस्तेही दृष्ट लागावी इतके प्रशस्त आहेत. परंतु इमारतीभोवती मोकळे मार्जिन, मार्जिनभोवती भिंत, अशी रचना झाल्यावर कोथिंबिरीच्या जुडीसाठीही सूनबाई स्कूटर काढते, यात तिचा काय दोष? भिंतीला फाटक एकच, तेही मोटारींच्या मापाचे. परवा त्यातून पायी आत शिरत असता पहारेकऱ्याने मला अडविले, कोणाकडे काम आहे म्हणून विचारले, आणि चौथ्या मजल्यावर मी स्वतःच राहतो हे सांगितल्यावर वहीत माझी सही घेतली.