हमीचा रोजगार आणि जालन्याची मोसंबी

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम 1977 साली संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या कायद्याने अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला ते देणे शासनावर बंधनकारक केले आणि त्याचा खर्च मुख्यत्वे शहरी नोकरदार व व्यावसायिकांकडून वसूल होणाऱ्या व्यवसाय करातून भागवला. 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याला ही व्यवस्था जन्मतःच लाभली, तरी सुरुवातीची कामे प्रामुख्याने खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव (पाणी अडवून जमिनीत मुरवणारा तलाव) अशीच होती. रोजगार हमी 1990 पासून फळबाग लागवड योजनेला जोडली गेल्यावर मात्र शेतकऱ्याच्या बांधाआड मीटरभर खोल खड्डे घेऊन, त्यांत शेणखत-माती भरून मोसंबीची कलमे लावण्याची मजुरीही हमीच्या निधीतून मिळू लागली. बाग अर्थातच जमीनधारकाची. भूमिहीनाच्या वाट्याला हजेरीपटावरची (मजुरांच्या दैनिक नोंदीवरची) मजुरी तेवढी आली, आणि 2012-13 च्या दुष्काळात बागा वाळल्या तेव्हा मोसंबीच्या झाडांवर कुऱ्हाड चालवण्याची वेळ त्या जमीनधारकांवरही आली.